ताटात उरलेली चतकोर

दिनांक ९ जुलै. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. वजन अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅम. हजर: मी, माझी बायको कमल, तिचा भाऊ दत्ता आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाई.

बाईंनी थुंकीचा रिपोर्ट वाचला, पण माझ्याकडं पाहिलं नाही. कमलकडं पाहून विचारलं, "यांचं वजन कधीपासून उतरतंय?"

कमल तोंड उघडायच्या आत मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. "सोळा जानेवारीपासून. पण ते आपोआप उतरलेलं नाही बाई, मी उतरवलंय. रोजची नोंद आहे."

बाईंनी वही हातात घेतली. चार-पाच पानं उलटली. ज्वारीची भाकरी, पिठलं, मेथी, ताक, आणि प्रत्येकापुढं आकडा. "अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या. वही मिटून त्यांनी ती माझ्याकडं सरकवली. "तुम्हाला टीबी आहे. निदान तीन महिने तरी असावा."

दत्ता उठून खिडकीपाशी गेला. कमल जागची हलली नाही. तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं आणि खोकली. तो खोकला मी ऐकला. त्या दिवशी दुसरं काही मोजायचं नव्हतं, तरी तो मी मोजला नाही.

वजन कमी करायला घेतलेल्या माणसांसाठी मी हे लिहितोय. वजन कमी करू नका असं माझं म्हणणं नाही. माझं काय चुकलं तेवढं सांगायचं आहे.

माझा धंदा

मी उमरग्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी आहे. सत्तावीस वर्षं झाली. शेतकऱ्याचा माल आला की पोतं काट्यावर घ्यायचं, बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा आणि लिहायचा. विकणारा आणि घेणारा, दोघंही माझ्या तोंडाकडं बघत असतात. एका क्विंटलमागं किलोभराचा फरक दिसला तर मी पोतं खाली उतरवतो, काटा पुसतो, पुन्हा चढवतो. माझ्या मापावर मोंढ्यात कुणी बोट ठेवलेलं नाही. हे सांगतोय कारण पुढं जे घडलं ते माप न येणाऱ्या माणसाच्या हातून घडलेलं नाही.

जानेवारीत माझं वजन चौऱ्याऐंशी किलो सहाशे होतं. वय बावन्न. गुडघे दुखायचे, रक्तदाब वाढला होता. गावातले डॉक्टर म्हणाले, "बहात्तरवर या, निम्म्या गोळ्या बंद करतो." संक्रांतीला मुलगा विशाल पुण्याहून आला होता. त्यानं माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. रोज सोळाशे कॅलरी खायच्या, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो उतरतो, असं त्यात आलं.

मला ते पटलं. पण मोबाइलमधला भाकरीचा आकडा मला पटला नाही. आमच्या घरची भाकरी मोबाइलातल्या भाकरीएवढी नसते. मी पीठ वजन करून घेतलं. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ जातं. म्हणजे साडेतीनशे कॅलरी. दुपारच्या दोन भाकरी सातशे. सगळं धरून दिवस बरोबर सोळाशेवर यायचा.

बरोबर यायचा, हेच मला खटकलं. आमच्या धंद्यात माल नेहमी थोडी घट धरून घेतात. ओली तूर आठ दिवसांत वाळते, सोयाबीन वाळतं. आज बरोबर मोजलेलं उद्या कमी भरतं. म्हणून आकड्याच्या थोडं अलीकडं थांबावं, ही हाताला लागलेली सवय. मी ठरवलं, सोळाशेला टेकायचंच नाही. रोज चतकोर भाकरी कमी खायची. नव्वद कॅलरी हातात राहतात. डाळीच्या अंदाजात कुठं चूक झाली असेल तर ती त्यात भरून निघते.

कमलला म्हटलं, "उद्यापासून मला पावणेदोन भाकरी वाढ."

ती तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं मान वर केली. "पावणेदोन? चतकोर तोडून वाढू व्हय? घरच्या माणसाला कुणी तोडकं वाढतंय का? तुम्हाला नको असंल तर ताटात ठेवा. मी अख्खीच वाढणार."

आमच्याकडं अशीच रीत आहे. पहिल्या वाढीला मोडकी भाकरी कुणाच्या ताटात पडत नाही. मी वाद घातला नाही. ती दोन अख्ख्या भाकरी वाढायची, मी पावणेदोन खायचो, चतकोर ताटाच्या कडेला ठेवून उठायचो. वहीत लिहायचो: १५१०.

त्या चतकोरचं पुढं काय होतं, हा रकाना माझ्या वहीत नव्हता.

बरोबर आलेला आकडा

पहिले दोन महिने सगळं ठरल्याप्रमाणं झालं. सोळा मार्चला माझ्या अंदाजानं वजन एकोणऐंशी किलो सहाशे यायला हवं होतं. एकोणऐंशी चारशे आलं. दोनशे ग्रॅमचा फरक! मला इतका आनंद झाला की मी मोंढ्यात चहा पाजला. रसूलभाई, आमच्यातला सगळ्यात जुना हमाल, कप हातात घेऊन म्हणाला, "मापाडी, दुनिया खाऊन खुश होती. तुमी न खाऊन चाय पाजताव."

एप्रिलमध्ये वजन वेगानं उतरायला लागलं. तीस एप्रिलला शहात्तरच्या आसपास यायला हवं होतं, आलं एकाहत्तर किलो नऊशे. चार किलो जास्त उतरलं होतं.

इथं मी थांबायला पाहिजे होतं. मोंढ्यात पोतं चार किलोनं कमी भरलं असतं तर मी सगळी थप्पी उतरवली असती. पण चूक आपल्याच बाजूला पडली की माणूस पुन्हा मोजत नाही. मला वाटलं, चतकोरचा गुण आला. उन्हाळ्यात चालणंही वाढलंय. बहात्तरला पोचलो होतो, तरी म्हटलं घट धरून सत्तरपर्यंत जाऊ.

मे महिन्यात भूक गेली. ॲपमध्ये लोक लिहितात की सवय झाली की भूक कमी होते. मी ते खरं मानलं. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. आमच्याकडच्या मे महिन्यात कुणाचं अंग कोमट नसतं? सकाळी उशी ओली असायची. पंखा हळू फिरतोय, असं म्हणालो. खोकला एप्रिलपासूनच होता, पण मोंढ्यात तुरीच्या भुसकटात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला खोकला म्हणजे घरचाच.

प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं कारण होतं आणि प्रत्येक कारण वेगवेगळं पाहिलं तर खरं वाटण्यासारखं होतं. ती सगळी एका पानावर मी कधी लिहिली नाहीत.

लोकांना दिसत होतं. रसूलभाई एकदा पोतं पाठीवरून उतरवून माझ्याकडं बघत राहिला. "काय मापाडी, नुस्तं बारदान राह्यलं की. माल किधर गया?"

सगळे हसले. मीही हसलो. शर्टाची कॉलर गळ्यापासून दोन बोटं सुटली होती, ते मला मेहनतीचं फळ वाटत होतं.

कमलचं म्हणणं

कमलला आठ वर्षं साखरेचा आजार आहे. गोळ्या चालू आहेत, पथ्य ती आपल्या पद्धतीनं पाळते. शाळा सातवीपर्यंत. कॅलरी हा शब्द तिनं माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी अंघोळ करून बाहेर आलो तर ती माझ्या पाठीकडं बघत उभी होती. म्हणाली, "उमरग्यात एवढे दवाखाने हायेत. एकदा छातीचा फोटो काढून घ्या."

"कशाला? वजन उतरतंय तेवढंच."

"हे उतरणं न्हाय. हे वाळणं हाय. मला कळतंय."

मी वही आणली. आधीच्या पाच महिन्यांतली प्रत्येक बेरीज दाखवली. मला राग आला होता, कारण माझ्या मापावर पहिल्यांदाच कुणी बोट ठेवत होतं आणि तेही घरात. ती वहीकडं बघतही नव्हती. शेवटी म्हणाली, "ह्यात तुम्ही काय खाता ते लिवलंय. तुम्हाला कोण खातंय, ते कुठं लिवलंय?"

मी वही मिटली आणि मोंढ्यात गेलो. चार दिवस तिच्याशी धड बोललो नाही. ती मात्र दोन अख्ख्या भाकरी वाढत राहिली. मी आता दीडच खाऊ शकत होतो. चतकोरच्या जागी अर्धी राहायला लागली.

जुलैच्या सुरुवातीला खोकल्यातून लाल पडलं. तेव्हा दत्तानं गाडी काढली. मी नको म्हणालो नाही.

बारा किलो

निदान झालं त्या दुपारी घरी येऊन मी तो हिशेब मांडला जो तीन महिन्यांपूर्वी मांडायला हवा होता. पंचवीस आठवडे, अर्धा किलोप्रमाणं साडेबारा. चतकोरचे दोन. साडेचौदा किलो मी उतरवले होते, ते माझे. प्रत्यक्षात सव्वीस किलो चारशे गेले होते. मधल्या जवळजवळ बारा किलोंना वाली नव्हता. ते मी उतरवलेले नव्हते. मी उपाशी राहण्याचं कौतुक करून घेत होतो त्या काळात दुसरंच कुणीतरी माझ्यातून उचलून नेत होतं, आणि मी ते माझ्या नावावर लिहीत होतो.

या आजाराला आपल्याकडं क्षय म्हणतात. क्षय म्हणजे घट. मोंढ्यात घट हा शब्द मी रोज वापरत होतो.

ज्यांनी वजन कमी करायला घेतलंय त्यांना एवढंच सांगतो. ठरवल्यापेक्षा कमी उतरलं तर काळजी करू नका. ठरवल्यापेक्षा जास्त उतरलं तर वही घेऊन दवाखान्यात जा, आणि सोबत घरचं माणूस न्या. आकडे तुम्ही सांगा, बाकीचं त्याला सांगू द्या.

औषधं सुरू झाली. लघवी नारिंगी व्हायची, तोंडाला चव नव्हती, सकाळची गोळी घेतली की मळमळायचं. डॉक्टर बाईंनी सांगितलं, आता दिवसाला बावीसशे कॅलरी खायच्या. मी खायला बसलो तर दोन हजार, एकवीसशेपर्यंत यायचो आणि हात थांबायचा. पोट भरलेलं नसायचं. हाताला सवय लागली होती अलीकडं थांबायची. कमल समोर बसून राहायची. "खावा. आता कशाची घट धरताव?"

आळीत बातमी पसरली. शेजारची बाई पूर्वी वाटी परत द्यायला आत यायची, ती आता वाटी उंबऱ्यावर ठेवून हाक मारायला लागली. मी तिला दोष देत नाही. विशालचा रोज फोन यायचा. एकदा म्हणाला, "बाबा, मी ते ॲप टाकून दिलं नसतं तर..." मी म्हटलं, "काटा बनवणाऱ्याची चूक नसते." त्याचं मूल नऊ महिन्यांचं. दिवाळीला यावं की नाही हे तो विचारू शकत नव्हता, म्हणून मीच म्हटलं, "यंदा येऊ नका." तो लगेच "बरं" म्हणाला. कमलनं ते ऐकलं. नातवासाठी अर्धवट विणलेली टोपी तिनं कपाटात ठेवून दिली.

सव्वीस जुलै

घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची असते. आमच्या घरात सगळे म्हणजे कमल. ती आज-उद्या करत राहिली. माझ्या गोळ्या, माझं खाणं, माझी अंडी उकडणं. खोकला आला की चुलीच्या धुरावर ढकलायची, आणि आमच्याकडं चूल नाही, गॅस आहे. हे माझ्या लक्षात यायला दोन आठवडे लागले.

सव्वीस जुलैला तिचा फोटो काढला. बाईंनी तो उजेडाकडं धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. उजवी बाजू खालून अर्ध्यापर्यंत पांढरी होती. "छातीत पाणी झालंय. साखर असलेल्या माणसाला हा आजार लवकर धरतो आणि जोरात धरतो. दाखल करावं लागेल."

मी विचारलं, "माझ्यामुळं?"

"कुणाचं कुणाला ते आता सांगता येत नाही. त्यांचं तुम्हालाही असू शकतं."

ही पळवाट बाईंनी चांगल्या मनानं दिली होती. पण तारखा मला पाठ होत्या. माझा खोकला एप्रिलचा. तिचा जून अखेरचा.

जिल्ह्याच्या दवाखान्यात ती एकोणीस दिवस होती. खाट अकरा नंबर, खिडकीजवळ. खिडकी मिळाली हे नशीब, कारण बाईंनी सांगितलं होतं, हवा खेळती पाहिजे. सकाळी सहाला फरशी पुसायचे. सातला बोट टोचून साखर बघायचे. आठला गोळ्या. दहाला मोठे डॉक्टर. पहिल्या दिवशी पाठीतून सुई घालून नऊशे मिली पाणी काढलं, चौथ्या दिवशी सहाशे. पाण्याचा रंग चहात दूध कमी पडल्यासारखा होता. मी तोंडाला मास्क बांधून स्टुलावर बसायचो आणि हे सगळं नव्या वहीत लिहायचो. सिस्टर एकदा म्हणाल्या, "काका, आकडे आम्ही लिहितोय. तुम्ही तेवढं त्यांना अंडं खायला लावा."

ती अंडं खात नव्हती. वास सहन होत नव्हता. तिचं वजन सदतीस किलो झालं होतं. तिलाही आता ठरवून दिलं होतं, दिवसाला अठराशे. कधी बाराशे व्हायचे, कधी नऊशे.

रसूलभाई दोनदा एसटीनं आला. कापडात बांधलेली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. खाटेजवळ उभा राहून त्यानं एकदाही चेष्टा केली नाही, तेव्हा मला भीती वाटली.

दत्तानं मात्र मनात ठेवलं नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर माझ्याशेजारी बसला आणि समोर बघत म्हणाला, "दाजी, तुमचा काटा बरोबर असंल. पण काट्यावर बसलेलं माणूसबी बघायचं असतंय." त्यानं खिशातून बिस्किटाचा पुडा काढून मला दिला.

चतकोरचा रकाना

नवव्या दिवशी ताप उतरला होता. दुपारी तिला उशीला टेकवून बसवलं होतं. दवाखान्याच्या ताटात दोन पोळ्या आल्या होत्या. तिनं दीड खाल्ली आणि ताट बाजूला सारलं. मी सवयीनं मनात वजाबाकी केली. तेव्हा पहिल्यांदा मला प्रश्न पडला.

"कमल, मी जी चतकोर ताटात ठेवायचो ती कुठं जायची?"

ती माझ्याकडं बघत राहिली, मी वेडा झालोय की काय अशी. "कुठं जाणार? मी खायची."

"रोज?"

"अन्न काय टाकून देतेत व्हय?"

"पण तुला दोनच भाकरी सांगितल्या होत्या. साखर आहे तुला."

"म्हणून तर," ती म्हणाली. मध्ये थांबून दम घेतला. "मी माझी भाकरी लहान थापायची. चतकोर कमी पीठ घ्यायची. तुमची येणार म्हणून. माझं दोनाला दोन बरोबर व्हायचं."

एकशे चौऱ्याहत्तर दिवस. उपासाचे दिवस वजा जाता निदान एकशे साठ चतकोर. चाळीस भाकरी. माझ्या वहीत ज्यांना ठिकाण नव्हतं त्यांचा हिशेब हिनं पिठाच्या डब्यातच लावला होता, न लिहिता. आणि रोज माझ्या मागून, माझ्याच ताटात, मी खोकत बसलेल्या बंद खोलीत जेवली होती.

मी उठून डॉक्टरांना गाठलं. ते जिन्यावर होते. विचारलं, उष्ट्यातून झालं का? ते म्हणाले, "नाही हो. हा आजार ताटातून होत नाही, हवेतून होतो. एका खोलीत राहिलात, त्यातून झालं असेल. ताटाचं मनातून काढून टाका."

ते खरं आहे आणि वाचणाऱ्यांनी ते नीट लक्षात ठेवावं. आजारी माणसाचं ताट, वाटी वेगळी काढायची गरज नसते. खिडक्या उघडायची आणि लवकर दवाखान्यात जायची गरज असते. मला ते पटलं आहे. तरीही ती चतकोर माझ्या मनातून निघालेली नाही. कारण तीन महिने मी ज्या आकड्याच्या भरवशावर दवाखान्यात गेलो नाही, तो आकडा त्या चतकोरनं बनला होता.

मी परत येऊन स्टुलावर बसलो. कमल म्हणाली, "एक सांगायचं राह्यलंय. अणदूरच्या खंडोबाला बोललेय मी. तुम्ही बरं झालाव की तुमच्या वजनाएवढा गूळ."

अणदूर तिचं माहेर. "कधी बोललीस?"

"त्या दिवशी. बाईनं सांगितलं तवा. खुर्चीवर बसल्या बसल्याच."

"वजन कधीचं धरायचं? बोललेल्या दिवशीचं का फेडायच्या दिवशीचं?"

ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. हसण्याचा खोकला झाला, खोकल्यात डोळ्यांतून पाणी आलं. "फेडायच्या दिवशीचं. म्हणजे तुम्ही जेवशीला तरी. देवाला कमी मापात द्यायची लाज वाटंल तुम्हाला."

जे दिलं ते

माझे सहा महिने जानेवारीत संपले. थुंकी साफ आली. कमलची औषधं बाईंनी लांबवली, ती अजून चालू आहेत. तिच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग आखडला, तो आता उघडणार नाही, असं सांगितलंय. कपडे वाळत घालायला ती गच्चीवर जात नाही. बोलताना वाक्याच्या मध्ये थांबते. पूर्वी मी तिची वाक्यं मध्येच तोडायचो. आता थांबतो, पण थांबून काही परत येत नाही.

फेब्रुवारीत, हिवाळ्यातला नळदुर्गचा मुक्काम संपवून देव अणदुरात परत आल्यावर, आम्ही नवस फेडायला गेलो. दत्तानं गुळाच्या ढेपा आणल्या. तुळा करायची तर दोन पारड्यांची जुनी तागडी पाहिजे. मोंढ्यातली आता नुसती टांगून ठेवलेली असते, ती मी मागून आणली. रसूलभाई सोबत आला, त्यानंच ती देवळासमोरच्या कडुलिंबाला बांधली. दोर ओढून पाहिला, गाठ दोनदा तपासली. "बसा मापाडी. आज माल काट्यावर हाय."

मी पारड्यात बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मापाच्या त्या बाजूला. समोरच्या पारड्यात दत्ता ढेपा ठेवत गेला, शेवटी फोडलेले खडे. पाय जमिनीवरून सुटले. सहासष्ट किलो दोनशे. दांडी सरळ झाली, तेव्हा मी दत्ताला म्हटलं, "वर एक मूठ टाक. झुकतं पाहिजे." त्यानं टाकली. पारडं देवाच्या बाजूला झुकलं.

कमल पायरीवर बसून होती. तिथवर यायला तिला दोनदा थांबावं लागलं होतं. मी खाली उतरलो, तिच्याजवळ गेलो. म्हटलं, "आता तू बस. गाडीत अजून गूळ आहे." मी जादा आणवला होता, तिला न सांगता. तिचं वजन एकेचाळीस होतं. मी पन्नास किलो आणला होता.

तिनं गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "माझा कोण बोललाय?"

"म्हणजे?"

"नवस. माझा कुणी बोललाय का? तुम्ही बोललाव व्हय?"

एकोणीस दिवस मी तिच्या खाटेशी बसलो होतो. तिची साखर, तिचा ताप, किती मिली पाणी निघालं, किती गोळ्या उरल्या, सगळं लिहिलं होतं. हा शब्द तोंडून गेला नव्हता. सुचलाच नव्हता. तिला खुर्चीवर बसल्या बसल्या सुचला होता.

"नाही," मी म्हटलं.

"मग कशाचं फेडताव? न बोललेलं देवाला देऊ न्हाई. त्याला वाटंल, लाच देतेत." ती हसून म्हणाली. मनात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तो गूळ ठेवा. उन्हाळ्यात पाहुण्यांना पाण्याबरोबर द्यायला व्हतोय."

दुपारी तिच्या माहेरी पंगत बसली. माझ्या सासूबाईंनी सगळ्यांना वाढलं, अख्ख्या दोन-दोन भाकरी. मी दोन्ही संपवल्या. माझ्या शेजारी कमल हळूहळू जेवत होती. आमटीत कुस्करून पावणेदोन गेल्या आणि तिचा हात थांबला. "आता न्हाय व्हत," ती म्हणाली. मी आग्रह केला. तिनं मान हलवली. चतकोर ताटाच्या कडेला राहिली.

तिनं ताट उचलायच्या आत मी ते माझ्याकडं ओढलं. आमच्याकडं बाई नवऱ्याच्या ताटातलं खाते. उलटं कुणी करत नाही, सासुरवाडीत तर नाहीच. दत्ताच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. सासूबाई हातातली पळी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. कमल हळू आवाजात म्हणाली, "अहो, काय करताव? सगळे बघायलेत."

देवाला त्या दिवशी सहासष्ट किलो दोनशे ग्रॅम गूळ दिला, वर एक मूठ. कमलला काही देता आलं नाही. तिच्या ताटातली चतकोर मी खाल्ली. गार झाली होती.